मोटर बंद झाल्यावरचं उड्डाण

हातातून सुटलेलं इलेक्ट्रिक ग्लायडर वीस-पंचवीस सेकंदांत शंभर मीटर उंची गाठतं आणि तिथं त्याची मोटर बंद करायची असते. खरं उड्डाण त्यानंतर सुरू होतं. पंख्याची पाती मागं दुमडून नाकाच्या कडेला चिकटतात, आवाज थांबतो आणि आठ-नऊशे ग्रॅमचं ते विमान वजन, पंख आणि हवा एवढ्याच भांडवलावर तरंगू लागतं. हवा स्थिर असेल तर ते सेकंदाला अर्धा-पाऊण मीटर उतरत राहतं आणि तीनेक मिनिटांत जमिनीला टेकतं. पण तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा सापडली, तर तेच विमान मोटर न लावता अर्धा तास वर राहू शकतं. या छंदातलं सगळं शिकणं त्या तीन मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंतच्या वाटेवर होतं.

लग्नाच्या मांडवापासून उसावरच्या फवारणीपर्यंत ड्रोन आता सगळीकडे दिसतो. त्याला हवेत धरून ठेवतात त्या अखंड फिरणाऱ्या मोटरी आणि त्यांना क्षणाक्षणाला सावरणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट. ग्लायडरला यातलं काही लागत नाही. त्याचा तोल त्याच्या आकारात असतो, म्हणजे पंख किती वर उचलले, शेपटी किती लांब ठेवली आणि वजन नेमकं कुठं आणलं यात. या गोष्टी बनवणाऱ्यानं टेबलावर ठरवलेल्या असतात. नंतर आकाशात जे काही होतं, त्याचं उत्तर त्या टेबलावरच सापडतं. म्हणूनच हात, डोकं आणि हवा यांची एकत्र ओळख करून देणारा यापेक्षा चांगला छंद मला माहीत नाही. आपल्याकडे रखरखीत माळ आहेत, आठ महिने ऊन आहे, पतंगाच्या दोरीवरून वारा ओळखणारी पोरं आहेत. तरीही हा छंद मूठभर लोकांतच राहिला आहे, याची मला मनापासून खंत वाटते. हा लेख त्याचसाठी.

दोरीकडून बॅटरीकडे

पुढे पंख, मागे शेपटी आणि दोन्हींना जोडणारा दांडा ही विमानाची आजची मांडणी पहिल्यांदा उडाली ती एका छोट्या मॉडेलच्या रूपात. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या सर जॉर्ज केली यांनी १८०४ मध्ये एका काठीवर पतंग बसवला, मागे कोन बदलता येईल अशी शेपटी लावली, तोलासाठी पुढे वजन ठेवलं आणि ते हातानं हवेत सोडलं. पंख म्हणून वापरला होता तो चक्क पतंग. पुढे जर्मनीत ओटो लिलिएन्थाल यांनी १८९१ ते १८९६ या काळात स्वतः पंखांना लटकून टेकड्यांवरून सुमारे दोन हजार वेळा उड्डाण केलं आणि अखेर त्यातच प्राण गमावले. माणूस इंजिनावर उडण्याआधी ग्लायडरवर उडाला आणि माणसाआधी उडालं ते मॉडेल, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मॉडेलमध्ये रेडिओ आला तो १९३०च्या दशकाच्या अखेरीस. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांचं ‘गफ’ हे त्या काळातलं रेडिओनं चालणारं विमान आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. विजेचं घोडं मात्र बॅटरीच्या वजनापाशी अडलं होतं. ३० जून १९५७ रोजी ब्रिटनमध्ये कर्नल एच. जे. टॅपलिन यांनी सिल्व्हर-झिंक बॅटरीवर ‘रेडिओ क्वीन’ उडवलं. रेडिओनं चालवलेल्या इलेक्ट्रिक विमानाचं हे नोंदलं गेलेलं पहिलं उड्डाण मानतात. त्याच सुमारास जर्मनीत फ्रेड मिलित्की छोट्या मोटरींवर उडणारी हलकी मॉडेलं करत होते. १९६०च्या सुमारास त्यांचं ‘सायलेंशियस’ हे किट ग्राउप्नर कंपनीनं बाजारात आणलं. हेच मिलित्की पुढे एका मोटर-ग्लायडरवर निकेल-कॅडमियम बॅटऱ्या चढवूनच थांबले. २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात हायनो ब्रडिचका यांनी ते दहाएक मिनिटं उडवलं. माणूस बसलेलं पंखांचं पहिलं इलेक्ट्रिक विमान ते हेच. आज जगभर इलेक्ट्रिक विमानांची चर्चा चालू आहे, तिच्या मुळाशी मॉडेल करणारा एक माणूस आहे.

मॉडेल ग्लायडर वर न्यायला पूर्वी दोरी लागायची. तीसेक मीटर रबर आणि शंभरावर मीटर दोर जमिनीवर पसरायचा, रबर ताणायचं आणि विमान हुकाला लावून सोडायचं. पतंग चढावा तसं ते चढायचं आणि माथ्यावर पोचलं की हुक सुटायचा. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर माणसांची ग्लायडर विंचनं ओढून वर जाताना ज्यांनी पाहिली असतील, त्यांना ही पद्धत लगेच कळेल. मॉडेलसाठी मात्र एवढं लांब मैदान आणि मदतीला माणसं रोज कुठून आणायची? मोटर आली ती या दोरीच्या जागी.

सुरुवातीच्या ब्रश असलेल्या मोटरी आणि निकेल-कॅडमियम सेल इतके जड होते की विमान कसंबसं चढायचं. मग तीन गोष्टी जुळून आल्या. १९८०च्या दशकात निओडिमियमचे ताकदवान चुंबक आले. १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि त्याच कुळातल्या लिथियम-पॉलिमर, म्हणजे लायपो बॅटऱ्या तेवढ्याच वजनात निकेल-कॅडमियमच्या तिप्पट-चौपट ऊर्जा देऊ लागल्या. शिवाय २०००च्या आसपास जगभरच्या हौशी लोकांनी संगणकाच्या बिघडलेल्या सीडी ड्राइव्हमधल्या मोटरी काढल्या, त्यांच्यावर नव्यानं तांब्याची तार गुंडाळली, आत निओडिमियमचे चुंबक चिकटवले आणि ब्रश नसलेल्या, बाहेरची वाटी फिरणाऱ्या मोटरी घरच्या घरी तयार केल्या. आज हॉबीच्या दुकानात पन्नास ग्रॅमची जी मोटर सहज मिळते, तिच्यामागे ही घरगुती खटपट आहे.

टेबलावर

नवशिक्यासाठी दोन मीटर पंखांचं ग्लायडर उत्तम. हवेत ते नीट दिसतं, सावकाश उडतं आणि पंख मधोमध दोन भागांत केले तर बसमधूनही नेता येतं. पंखाची रुंदी सरासरी अठरा सेंटिमीटर धरली तर क्षेत्रफळ होतं छत्तीस चौरस डेसिमीटर. विमान साडेआठशे ग्रॅमात बसवलं तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर चोवीस ग्रॅमच्या आत वजन येतं. याला विंग लोडिंग म्हणतात आणि बनवणाऱ्याचं सगळं लक्ष या एका आकड्यावर असावं लागतं. तो वाढला की विमान वेगात उडतं, वेगात उतरतं आणि वेगात आपटतं.

बाल्सा निवडण्यापासून कस लागतो. दक्षिण अमेरिकेतलं, मुख्यतः इक्वेडोरमधून येणारं हे लाकूड घनमीटरला साधारण शंभर ते दोनशे किलो भरतं. मीटरभर लांब, दहा सेंटिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर जाड अशा दोन पट्ट्या दुकानात शेजारी शेजारी पडलेल्या असतात. दिसायला एकसारख्या, पण एक वीस ग्रॅमची निघते आणि दुसरी चाळीस ग्रॅमची. म्हणून जाणकार माणूस खिशात छोटा वजनकाटा घेऊनच दुकानात शिरतो. जड, कडक पट्टी पंखाच्या कण्यासाठी बाजूला काढायची आणि सगळ्यात हलकी शेपटीसाठी राखून ठेवायची. शेपटी तोलाच्या बिंदूपासून लांब असते. तिथं एक ग्रॅम वाढला तर तो सावरायला नाकात दोन-अडीच ग्रॅम टाकावे लागतात.

पंखाच्या आडव्या छेदाला एअरफॉइल म्हणतात. व्हर्जिनियस क्लार्क यांनी १९२२ मध्ये आखलेला ‘क्लार्क वाय’ आजही नवशिक्यांचा आवडता आहे, कारण त्याची खालची बाजू बरीचशी सपाट असते आणि पंख टेबलावर सरळ ठेवून बांधता येतो. त्याहून सरस आकार पुढे आले. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले मायकेल सेलिग आणि एमआयटीतले मार्क ड्रेला यांनी खास अशा छोट्या, संथ पंखांसाठी आकार घडवले. त्याची गरजही होती. आपल्या मॉडेलच्या पंखाचा रेनॉल्ड्स अंक नव्वद हजारांच्या घरात असतो, तर माणसाच्या ग्लायडरचा दहा लाखांच्या पुढे. आकार जितका लहान आणि वेग जितका कमी, तितका हवेचा चिकटपणा जाणवतो आणि पाठीवरून वाहणारा प्रवाह लवकर सुटतो. म्हणूनच मोठं ग्लायडर एक मीटर उतरताना चाळीस-पन्नास मीटर पुढे जातं आणि आपलं बारा-पंधरा मीटर गेलं तरी ते चांगलं मानायचं.

पंखाला एअरफॉइलचा आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांना रिब म्हणतात. त्या कापायची जुनी, खात्रीची रीत अशी. प्लायवूडचे दोन साचे काढायचे, त्यांच्यामध्ये बाल्साचे चौकोन चळत करून बोल्टनं आवळायचे आणि सगळे एकदमच पॉलिशपेपरनं घासत न्यायचे. बोल्ट सोडला की वीस-बावीस रिब तंतोतंत एका मापाच्या निघतात. मग बोर्डावर नकाशा टाचायचा, त्यावर गोंद चिकटू नये म्हणून पातळ प्लास्टिक पसरायचं, खालचा कणा ठेवायचा, रिब उभ्या करायच्या आणि वरचा कणा खाचांत बसवायचा. हवेत पंख वर वाकतो तेव्हा वरचा कणा दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दोन्ही एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून मध्ये उभ्या रेषांच्या बाल्साचे तुकडे, म्हणजे वेब, चिकटवावे लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे तुकडे दिसतही नाहीत, पण सूर मारून विमान वर खेचताना पंख टिकतो तो त्यांच्या जोरावर.

पंखांवर रंगीत फिल्म इस्त्रीनं बसवणं हे मला या कामातलं सगळ्यात सुखाचं वाटतं. इस्त्री कमी तापमानावर ठेवून आधी कडा चिकटवून घ्यायच्या, मग हळूहळू मधल्या भागावर फिरवत जायची. सुरकुत्या डोळ्यांदेखत मिटतात आणि बोट टिचकावलं की पंख टणकन वाजतो. याच वेळी पंखाचं टोक हातानं किंचित पिळून मागची कड एक-दोन अंश वर धरायची आणि तशीच इस्त्री फिरवायची. तो पीळ मग कायमचा राहतो. वेग कमी पडला तर या पिळामुळे पंखाचा मधला भाग आधी हवा सोडतो आणि टोकं शेवटपर्यंत धरून ठेवतात. त्यामुळे विमान एका कुशीवर कोसळण्याऐवजी नाक थोडं खाली घालून पुन्हा उडू लागतं.

बाल्सा महाग वाटतो किंवा गावात मिळत नाही. त्यावरही मार्ग आहे. थर्माकोलचा ठोकळा तापलेल्या निक्रोम तारेनं कापून पंख काढता येतो, आत पतंगाची किंवा बुरुडाकडची बांबूची कामटी कणा म्हणून घालता येते आणि वरून पॅकिंगची चिकटपट्टी ताणून लावली की पंख कडक होतो. कंट्रोलच्या सळईला सायकलचा जुना आरा चालतो. एकच पथ्य पाळायचं, थर्माकोलवर फेव्हिक्विक लावायचं नाही, ते थर्माकोल खातं. फेव्हिकॉल लावून रात्रभर वाळू द्यायचं.

आतली यंत्रणा मोजकी आहे. मोटर, तिचा वेग राखणारा ईएससी, रिसीव्हर, शेपटीवरचा वळवणारा रडर आणि नाक वर-खाली करणारा एलेव्हेटर हलवायला नऊ ग्रॅमचे दोन सर्व्हो आणि तीन सेलची १३०० मिलिअँपिअर-अवरची लायपो बॅटरी. ईएससीत ब्रेक चालू करून ठेवायचा, तरच मोटर थांबल्यावर पाती दुमडतात. या बॅटरीत सुमारे चौदा वॅट-अवर ऊर्जा असते, म्हणजे आपल्या खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीपेक्षाही कमी. शंभर मीटर चढायला त्यातली जेमतेम एक वॅट-अवर खर्च होते. वीस टक्के शिल्लक राखूनही आठ-दहा वेळा वर जाता येतं. लायपोची काळजी मात्र घ्यावीच लागते. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर भरायचा नाही, ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही, ठेवायचा असेल तर ३.८ च्या आसपास ठेवायचा. फुगलेली बॅटरी वापरायची नाही आणि चार्ज होत असताना घर सोडून जायचं नाही. मोटरला पाती लावलेली असतील तर आधी ट्रान्समीटर चालू करायचा, थ्रॉटल खाली आहे याची खात्री करायची आणि मगच बॅटरी जोडायची.

पहिली फेक

सगळं जोडून झालं की पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेपाच सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना खूण करायची, तिथं बोटांची टोकं टेकवायची आणि विमान उचलायचं. ते सपाट राहिलं किंवा नाक अगदी थोडं झुकलं, तर तोल ठीक आहे. शेपटी खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवायची, कारण मागे जड असलेलं विमान कोणाच्याच हाती राहत नाही.

पहिली फेक मोटर बंद ठेवून, वाऱ्याच्या तोंडाला, गवतावर करायची. दोन-चार पावलं चालत विमान क्षितिजाकडे सरळ ढकलायचं. वर फेकण्याचा मोह टाळायचा. ते सरळ तरंगत जाऊन वीस-पंचवीस पावलांवर टेकलं की पुढची पायरी. एलेव्हेटर दोन खाचा इकडेतिकडे करून ही फेक पुन्हा पुन्हा करायची. या कामात घाई करणाऱ्याला विमान लगेच शिक्षा देतं.

उंचीवर गेल्यावर तोलाची खरी परीक्षा असते ती सुराची. विमान सरळ तरंगत असताना नाक पंचेचाळीस अंशांत खाली घालायचं आणि स्टिक सोडून द्यायची. विमान झटकन वर वळलं तर नाक जड आहे. आणखीच खाली वळू लागलं तर शेपटी जड आहे. सावकाश, मोठ्या वळणानं सुरातून बाहेर आलं तर तोल बरोबर. पुस्तकातल्या कुठल्याही सूत्राहून ही परीक्षा विमानाबद्दल जास्त सांगते.

शिकणाऱ्याला सगळ्यात जड जातं ते विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा, कारण डावं-उजवं उलटं होतं. त्यावर एक सोपी युक्ती आहे. जो पंख खाली गेलेला दिसेल, त्याच बाजूला स्टिक ढकलायची, पंख वर येतो. हे हाताला वळण लागेपर्यंत विमान नेहमी आपल्या समोर, वाऱ्याच्या बाजूला ठेवायचं.

माळावरची हवा

पुण्याहून सासवड ओलांडून पूर्वेला निघालं की पाऊस कमी होत जातो आणि माळ सुरू होतात. अंजीर-सीताफळाच्या बागा, मध्येच काळी नांगरट, मध्येच उसाचा हिरवा पट्टा आणि उरलेला सगळा मुरूम आणि खडक. फेब्रुवारीपासून हा मुलूख सकाळी दहा-साडेदहाच्या पुढे उकळू लागतो. ऊन सगळीकडे सारखंच पडतं, पण खडक आणि कोरडी नांगरट पटकन तापते, तर ऊस पानांतून पाणी सोडत असल्यानं थंड राहतो. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन एका जागेवरून सुटते आणि खांब किंवा बुडबुडा होऊन वर जाते. त्यालाच थर्मल म्हणायचं. शेतात उठलेली वावटळ म्हणजे त्या थर्मलचा धुळीमुळे दिसलेला पाय असतो.

अशाच एका माळावर शेळ्या राखणारा मुलगा बराच वेळ माझं विमान वर-खाली होताना पाहत उभा होता. शेवटी जवळ येऊन म्हणाला, “काका, हितं कशाला उडवताय? त्या खडीच्या खाणीकडं न्या की. घारी तितनंच वर जात्यात.” मी विमान खाणीच्या कडेवर नेलं. उजवा पंख अचानक उचलला गेला आणि नाक किंचित वर झालं. मी उचललेल्या पंखाकडेच वळण घेतलं. विमान गोल फिरत, मोटर बंद असताना, चढू लागलं. थोड्या वेळानं एक घारही त्याच वर्तुळात आली. “सांगितलं नव्हतं का!” असं म्हणून तो पोरगा शेळ्या वळवायला गेला. थर्मल सुटतात त्या जागा, म्हणजे खाणीची कड, नांगरट संपून बांध लागतो ती रेषा, पत्र्याची शेड, हे सगळं त्याच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. आमच्या पुस्तकांत हेच आकृत्या काढून सांगितलेलं असतं.

थर्मलच्या खुणा शिकता येतात. पंख उचलला की वळण त्या बाजूला घ्यायचं, कारण उचलणारी हवा तिकडे आहे. उलट पंख दबला तर त्या बाजूपासून दूर जायचं. जमिनीवर उभं असताना वारा एकाएकी पडला किंवा दिशा बदलून पाठीवर लागला, तर जवळपास कुठंतरी हवा वर खेचली जाते आहे हे ओळखायचं. काठीला बांधलेला लोकरीचा धागा त्यासाठी पुरतो. थर्मल वाऱ्याबरोबर वाहत जातो, म्हणून त्यात फिरता फिरता विमान किती लांब गेलं यावर नजर हवी. परतीचा प्रवास वाऱ्याविरुद्ध असतो, आणि थर्मलच्या भोवतीची हवा खाली उतरत असते. परतीचं अंतर डोक्यात ठेवणारा घरी विमान घेऊन जातो, बाकीचे ऊस तुडवत शोधत फिरतात.

सह्याद्रीच्या कडेला वेगळी गंमत आहे. पश्चिमेचा वारा डोंगराच्या भिंतीवर आपटून वर वळतो. ती उचल दिसत नाही, पण वारा असेपर्यंत तासन्‌तास टिकते. कामशेतच्या डोंगरांवर पॅराग्लायडर याच हवेवर उडतात. जिथं माणसं उडत असतील तिथं मॉडेल उडवायचं नाही, हा नियम मात्र कधीही मोडू नये. डोंगरकड्यामागच्या हवेतून वेग काढण्याच्या कलेत मॉडेल कुठवर गेलं आहे याचा अंदाज एका आकड्यावरून येईल. जानेवारी २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात स्पेन्सर लिझनबी यांच्या मोटर नसलेल्या ग्लायडरचा वेग ताशी ५४८ मैल, म्हणजे सुमारे ८८२ किलोमीटर मोजला गेला.

स्पर्धांतही कस लागतो तो हवा ओळखण्याचाच. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या ‘एफ५जे’ या प्रकारात मोटर एकदाच, जास्तीत जास्त तीस सेकंद चालवता येते आणि दहा मिनिटांच्या वेळात जास्तीत जास्त काळ हवेत राहायचं असतं. विमानातलं उंची मोजणारं यंत्र मोटरनं गाठलेली उंची नोंदवतं. दोनशे मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण कापला जातो, त्याच्या वर दर मीटरला तीन. शिवाय ठरलेल्या खुणेजवळ उतरलं तर पन्नासपर्यंत गुण मिळतात. मोटर जितकी कमी वापराल तितके पुढे जाल, असा हा खेळ आहे. त्याची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये स्लोव्हाकियात झाली.

या छंदातून पुढे गेलेली माणसं

पॉल मॅकक्रेडी लहानपणी मॉडेल विमानं करत. १९५६ मध्ये ते ग्लायडिंगचे जगज्जेते झाले. दोन थर्मलच्या मध्ये किती वेगानं उडावं याचा त्यांनी मांडलेला हिशेब आजही ग्लायडरचे वैमानिक वापरतात. १९७७ मध्ये त्यांच्या ‘गॉसमर काँडोर’नं केवळ माणसाच्या पायांच्या बळावर आठाच्या आकड्याचा मार्ग उडून क्रेमर पारितोषिक मिळवलं. १९७९ मध्ये ‘गॉसमर अल्बाट्रॉस’ इंग्लिश खाडी ओलांडून गेलं. अॅल्युमिनियमच्या किंवा कार्बन फायबरच्या नळ्या, तारा आणि प्लास्टिकची पातळ फिल्म यांनी केलेली ही विमानं मोठ्या आकाराची मॉडेलंच होती. मोडलं तर दुपारी जोडायचं आणि संध्याकाळी पुन्हा उडवायचं ही मॉडेलवाल्याची सवयच त्यांना यशापर्यंत घेऊन गेली.

नासातले अभियंता डेल रीड हेही हौशी मॉडेलकार. पंख नसलेल्या, पोटाच्या आकारावर तरंगणाऱ्या यानाची कल्पना वरिष्ठांना पटावी म्हणून १९६२ मध्ये त्यांनी त्याचं छोटं मॉडेल केलं, रेडिओच्या विमानातून ते उडवून दाखवलं आणि त्यांच्या पत्नीनं त्याचं चित्रण केलं. त्यातून १९६३ मध्ये ‘एम२-एफ१’ हे माणूस बसवलेलं यान उडालं. अवकाशातून परत येऊन धावपट्टीवर उतरणाऱ्या यानांच्या वाटचालीतला तो एक महत्त्वाचा टप्पा होता.

आणि २००५ मध्ये नासाच्याच ड्रायडन केंद्रात मायकेल अॅलन यांनी चौदा फूट पंखांच्या इलेक्ट्रिक मॉडेल ग्लायडरमध्ये संगणक बसवून त्याला थर्मल शोधायला शिकवलं. विमान स्वतः ओळखायचं की आपण चढतो आहोत, वर्तुळ घ्यायचं आणि मोटर न लावता वर जायचं. खाणीकडे बोट दाखवणाऱ्या त्या मुलाला जे कळत होतं, तेच तिथं गणितात मांडलं जात होतं.

नियम, माळ आणि मुलं

कायद्याच्या दृष्टीनं रेडिओचं ग्लायडर हे मानवरहित विमान आहे आणि त्याला २०२१ चे ड्रोन नियम लागू होतात. आपलं साडेआठशे ग्रॅमचं विमान अडीचशे ग्रॅम ते दोन किलो या ‘मायक्रो’ गटात येतं. व्यावसायिक वापर नसेल तर या गटासाठी वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. पण देशाचं आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत वाटलेलं आहे आणि परवानगीशिवाय उडवता येतं ते फक्त हिरव्यात, तेही चारशे फुटांपर्यंत. विमानतळापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा दोनशे फूट आहे. पुण्याभोवती लोहगावचा विमानतळ आहे, खडकवासल्याला एनडीए आहे. तेव्हा सरकारी नकाशा आणि त्या वेळचे नियम पाहिल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही. थर्मलमध्ये चढता चढता मर्यादा जवळ आली की वर्तुळ मोडून खाली यायचं. यात छंदाचं काही नुकसान होत नाही. कमी उंचीवरून थर्मल पकडणं हीच खरी करामत आहे.

खर्चाचं सांगायचं तर ट्रान्समीटर आणि चार्जर धरून पहिलं विमान दहा हजारांच्या आसपास पडतं. त्यातला मोठा भाग ट्रान्समीटरचा. तो वर्षानुवर्षं चालतो आणि एका शाळेला किंवा मंडळाला मिळून एक पुरतो. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एअरोमॉडेलिंग शिकवतात, अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्याच्या स्पर्धा होतात. पण महाविद्यालयात पोचेपर्यंत मुलगा किंवा मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची झालेली असते. हे वय बाराचं हवं.

आठवीतल्या मुलाला गुरुत्वमध्याची व्याख्या पाठ असते. बोटांच्या टोकांवर विमान तोलताना ती त्याला पहिल्यांदा दिसते. व्होल्ट, अँपिअर, वॅट यांचा संबंध त्याला पंचवीस सेकंदांच्या चढाईत कळतो आणि संवहनाचा धडा त्याला माळावर भेटतो. तुटलेला पंख जोडून पुन्हा उडवताना जी चिकाटी येते, तिच्यासाठी तर वेगळा तासच नसतो. मातीचा किल्ला रचणारे, आकाशकंदिलाच्या कामट्या बांधून त्यावर कागद ताणून बसवणारे हात आपल्या घराघरांत आहेत. बाल्साची रिब घासायला आणि पंखावर फिल्म चढवायला यापेक्षा वेगळे हात लागत नाहीत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. शाळांनी आठवड्यातली एक दुपार यासाठी द्यावी. सुरुवात मोटरशिवाय, हातानं फेकायच्या थर्माकोलच्या ग्लायडरपासून करावी. गावांनी आणि शहरांनी एक मोकळा माळ, एक मैदान मुलांच्या नावानं राखावं. एकदा प्लॉट पडले की ती जागा परत मिळत नाही. ज्यांच्या हातात कला आहे अशा निवृत्त फिटर, सुतार, वायरमन यांनी दोन मुलांना जवळ बसवावं. आणि वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही स्वतः पहिली रिब कापायला घ्या. रोज संध्याकाळी तासभर दिलात तर संक्रांतीपर्यंत विमान तयार होईल आणि फेब्रुवारीत माळ तापू लागतील, तेव्हा तुमच्या हाती उडवायला काहीतरी असेल. जाताना सोबत एखाद्या मुलाला किंवा मुलीला घेऊन जा.